नातवंडाच्या वाढदिवसाला गोव्यात येताय? आजी-आजोबांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

मुलगा-सून किंवा मुलगी-जावई नोकरीनिमित्त गोव्यात स्थायिक झालेत, नातवंड आता चौदा-पंधरा-सोळाचं होतंय आणि यंदा वाढदिवसाला जायचंच असं तुम्ही ठरवलंय. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा ठिकाणांहून पहिल्यांदाच गोव्यात घरगुती मुक्कामाला येणाऱ्या आजी-आजोबांसाठी हा लेख आहे. पर्यटक म्हणून येणं वेगळं आणि घरच्या कार्याला येणं वेगळं. पर्यटकाची गाडी तासभर उशिरा पोचली तरी बिघडत नाही. तुम्ही मात्र दमून, पाय सुजवून ऐन वाढदिवशी पोचलात तर सगळं घर तुमच्याच काळजीत राहतं.

दोन गोष्टी आधी पक्क्या करा: उतरायचं कुठे, आणि वाढदिवसाच्या किती दिवस आधी पोचायचं. पहिलीचं उत्तर घराच्या पत्त्यावर ठरतं, तिकिटाच्या दरावर नाही. दुसरीचं उत्तर आहे निदान दोन दिवस आधी.

१. तिकिटाआधी नातवंडाशी बोला

आई-वडिलांमार्फत नको, थेट फोन करा. तीन गोष्टी विचारा: मित्रमैत्रिणींची पार्टी कधी आहे, त्या आठवड्यात शाळेची चाचणी किंवा क्लासची परीक्षा आहे का, आणि तुमच्यासाठी त्याचा किंवा तिचा कोणता वेळ मोकळा आहे.

यात नेहमी होणारा घोटाळा असा. वाढदिवस मंगळवारी येतो, पण पार्टी रविवारी ठरते, कारण सगळे मित्र तेव्हाच मोकळे असतात. आजी-आजोबा सोमवारी येऊन बुधवारी परततात आणि मंगळवारी नातवंड शाळा, क्लास करून रात्री आठला दमून घरी येतं. भेट होते ती जेवणाच्या ताटावर. म्हणून वाढदिवसाचा दिवस आणि पार्टीचा दिवस दोन्ही मुक्कामात बसतील असं पाहा. घरी तिथीनेही वाढदिवस करत असाल तर पंचांग पाहून ती तारीखही आधीच सांगून ठेवा.

न सांगता अचानक जाऊन चकित करण्याचा मोह या वयात टाळा. पाच वर्षांच्या नातवंडाला त्याची गंमत वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाने मात्र त्या संध्याकाळचा बेत आठवडाभर आधी ठरवलेला असतो. तुम्ही दारात उभे राहिलात की तो बेत मोडायचा की तुम्हाला सोडून जायचं, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो.

गोव्याचं स्वतःचं वेळापत्रकही लक्षात घ्या. चवथीच्या दिवसांत, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यातली बहुतेक हिंदू घरं मूळ गावी जातात, दुकानं बंद असतात आणि बसगाड्या कमी होतात. नोव्हेंबरअखेरपासून ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तापर्यंत जुन्या गोव्याजवळ वाहतूक तुंबते. नाताळ ते नववर्ष या काळात विमानाचं भाडं आणि टॅक्सी दोन्ही कडाडतात. कार्निव्हल आणि शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकांच्या दिवशी शहरांतले मुख्य रस्ते संध्याकाळी वळवलेले असतात. वाढदिवस या दिवसांत येत असेल तर दोनऐवजी तीन दिवस आधी या.

२. घर कोणत्या तालुक्यात, त्यावरून उतरायची जागा ठरवा

‘गोव्याचं तिकीट काढलं’ एवढ्यावर थांबू नका. गोवा नकाशावर लहान दिसतो, पण पेडण्याहून काणकोणला जायला रस्त्याने दोन-अडीच तास सहज लागतात.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी:

- पेडणे तालुक्यात घर असेल तर पेडणे स्टेशन. म्हापसा, पर्वरी, कळंगुट, डिचोली, साखळी, वाळपई या भागांसाठी थिवी. थिवीहून म्हापसा सुमारे अकरा-बारा किलोमीटर.
- पणजी, ताळगाव, सांताक्रूझ, बांबोळी, जुने गोवे यांसाठी करमळी. तिथून पणजीही साधारण तेवढ्याच अंतरावर.
- फोंडा आणि आसपासच्या गावांसाठी करमळी किंवा मडगाव. दोन्हीकडून रस्ता बरा आहे, जिथे गाडी घ्यायला येणं मुलांना सोयीचं ते घ्या.
- मडगाव, वेर्णा, केपे, कुडचडे यांसाठी मडगाव. वास्कोला घर असेल तर वास्कोपर्यंत जाणारी गाडी मिळते का तेही पाहा.
- काणकोणला काही गाड्या थांबतात. तुमची थांबते का ते तपासा, नाहीतर मडगाव.

सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत. कोकणकन्या आणि मांडवी पेडणे, थिवी, करमळी, मडगाव अशा चारही ठिकाणी थांबतात. मुंबईची वंदे भारत गोव्यात फक्त थिवी आणि मडगावला थांबते. तेजस करमळी आणि मडगावला थांबते. पणजीत घर असलेल्यांनी वंदे भारतचं तिकीट काढताना सवयीने ‘मडगाव’ निवडलं की पुढे तीसेक किलोमीटर उलट यावं लागतं.

विमानाने येणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. गोव्यात दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी, वास्कोजवळ. नवा मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात. तिथून जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं उडू लागली. बुकिंग करताना दोन्हींसमोर ‘गोवा’ असंच दिसतं. खूण अशी की दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मडगावला घर आणि तिकीट मोपाचं निघालं तर साठ किलोमीटरहून अधिक रस्ता, वाटेत पर्वरी आणि पणजीची कोंडी. तिकिटात वाचलेले हजार-दीड हजार रुपये टॅक्सीतच जातात आणि दोन तासांची दमणूक वर. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी या भागांसाठी मोपा. मुरगाव, सासष्टी, फोंडा आणि त्याखालच्या सगळ्या दक्षिण गोव्यासाठी दाबोळी. पणजीला दोन्ही चालतात, दाबोळी थोडा जवळ पडतो. परतीच्या तिकिटातही हेच पुन्हा तपासा, कारण जाणं एका विमानतळावर आणि येणं दुसऱ्यावर असंही होतं.

रस्त्याने यायचं तर पुण्याहून पणजी सुमारे साडेचारशे किलोमीटर. आंबोली घाटातून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी असा नेहमीचा मार्ग आहे. घर डिचोली किंवा सत्तरीत असेल तर बेळगावहून चोर्ला घाटाने साखळीला उतरणं जवळचं. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, म्हणून अंधार पडण्याआधी घाट उतरेल अशा बेताने निघा. रात्रीची स्लीपर बस हा मी शेवटचा पर्याय म्हणेन. वरच्या बर्थवर चढणं, घाटातले हेलकावे आणि लघवीसाठी ड्रायव्हर थांबेल तेव्हाच उतरणं, हे प्रोस्टेटचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांना झेपत नाही. यायचंच असेल तर खालची, बसच्या मध्यावरची बर्थ मागून घ्या.

एसटीने येणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्ध्या भाड्यात आणि महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढच्या टप्प्याचे पैसे सुटे ठेवा.

३. रेल्वेचं तिकीट: खालची बर्थ कशी मिळवायची

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, प्रवासाचा दिवस न मोजता. उदाहरणार्थ, वाढदिवस १४ डिसेंबरला असेल तर १२ तारखेला सकाळी पोचण्यासाठी ११च्या रात्री निघायचं, म्हणजे आरक्षण १२ ऑक्टोबरला उघडेल. परतीचं तिकीट त्याच दिवशी मिळणार नाही, ते परतीच्या तारखेपासून ६० दिवस मागे मोजून वेगळ्या दिवशी काढावं लागतं. हे विसरलं जातं आणि जाण्याचं तिकीट पक्कं, येण्याचं वेटिंग अशी अवस्था होते. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून घ्या. आरक्षण उघडण्याच्या दिवशी सुरुवातीची वेळ आधार जोडलेल्या खात्यांसाठी राखीव असते, आणि तत्काळ तिकिटालाही ते लागतं.

आता खालच्या बर्थबद्दल, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाचा सगळा प्रवास यावर अवलंबून आहे.

- तिकीट काढताना कोट्यात ‘लोअर बर्थ / सीनियर सिटिझन’ निवडा. पुरुषांसाठी वय ६० आणि महिलांसाठी ४५ पूर्ण लागतं.
- या कोट्यात एका तिकिटावर एकटा किंवा फार तर दोन प्रवासी. सोबत भाचा, पुतणी असं तिसरं नाव घातलं की हा कोटा मिळत नाही. तरुण सोबत्याचं तिकीट वेगळं काढा.
- कोट्यातल्या जागा संपल्या असतील तर साध्या कोट्यात ‘निदान एक लोअर बर्थ मिळाली तरच बुक करा’ या पर्यायावर खूण करा. नाहीतर दोघांनाही वरच्या बर्थ येऊ शकतात.
- आरएसी स्वीकारू नका. बाजूची अर्धी जागा दुसऱ्या प्रवाशाबरोबर वाटून रात्रभर बसणं सत्तरीत जमत नाही.
- वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्टनंतरही तसंच राहिलं तर आपोआप रद्द होतं.

ज्येष्ठांना रेल्वे भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ‘आजोबांचं अर्धं तिकीट’ असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याच्याकडून तिकीट काढू नका.

कोणती गाडी? मुंबईहून येताना रात्रीची कोकणकन्या मला सगळ्यांत सोयीची वाटते: झोपून यायचं आणि सकाळी उजेडात उतरायचं. वंदे भारत वेगवान आणि स्वच्छ आहे, पण ती सीएसएमटीहून पहाटे साडेपाचच्या आत सुटते. म्हणजे उपनगरात राहणाऱ्यांनी तीनला उठायचं आणि मग जवळपास आठ तास खुर्चीत बसून राहायचं. कंबरदुखी असेल तर हे जड जातं. पुण्याहून गोवा एक्सप्रेस मिरज, लोंढा, कुळेमार्गे मडगाव आणि वास्कोला येते. पावसाळ्यात दूधसागरच्या घाटात दरड किंवा रूळदुरुस्तीमुळे ती रखडू शकते.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या कमी वेगाने धावतात, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात आणि वंदे भारत आठवड्यातून कमी दिवस असते. पाठ असलेल्या वेळेवर विसंबू नका, आदल्या दिवशी १३९ वर विचारा.

४. सोबत काय हवं

कागदपत्रांची एकच प्लास्टिकची फाइल करा आणि ती आजोबांच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नको. तिच्यात:

- दोघांची मूळ आधार कार्डं. विमानासाठी प्रत्येकाचं वेगळं ओळखपत्र लागतं आणि तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळायला हवं. ‘सुमन’ आणि ‘सुमनताई’ एवढा फरकही काउंटरवर वेळ खातो.
- तिकिटाची छापील प्रत. फोनची बॅटरी संपली तर हीच उपयोगी पडते.
- औषधांची चिठ्ठी, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा यांसह. गोव्यात तोच ब्रँड मिळेलच असं नाही, मूळ नावावरून मात्र मिळतं.
- आरोग्य विम्याचं कार्ड. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान कार्ड काढून घ्या, ते योजनेतल्या रुग्णालयांत राज्याबाहेरही चालतं. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना इथल्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांना तिचा उपयोग नाही.
- मुलाच्या घराचा पूर्ण पत्ता कागदावर: वाडा, इमारतीचं नाव, जवळचं देऊळ किंवा चर्च. गोव्यात पत्ता खुणेवरच सापडतो.

औषधं मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीची घ्या. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

आजीच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर. विमानाने येताना लोणचं हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतूनही काढायला लावतात, कारण खोबऱ्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही धरलं जातं. गोव्यात नारळ घरोघरी आहे, ते ओझं आणूच नका. काडेपेटी, लायटर, केकवर लावायच्या फुलझड्या विमानात चालत नाहीत. पॉवर बँक फक्त हातातल्या पिशवीत, सुरी-कात्री फक्त मोठ्या बॅगेत.

खाऊमध्ये बेसनाचे लाडू, चकली, शंकरपाळी आणा. खव्याची मिठाई आणि पुरणपोळी गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या दिवशी आंबते. पुरण इथे येऊन शिजवा.

५. उतरल्यापासून घरापर्यंत

थिवी, करमळी इथे गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. मुंबईकडून येताना पेडणे गेलं की थिवीवाल्यांनी, थिवी गेली की करमळीवाल्यांनी सामान दाराशी आणावं. दोघांत मिळून दोनच चाकाच्या बॅगा आणि एक खांद्यावरची, याहून जास्त नको. चार छोट्या पिशव्या सोबत असल्या की एक डब्यात राहतेच. विमानात व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. त्यात संकोच नको. मोठ्या विमानतळावर फाटकापर्यंतचं चालणं लांब असतं.

ओला, उबर गोव्यात चालत नाहीत. घरून कुणी घ्यायला येणार नसेल तर विमानतळावर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे, किंवा ‘गोवा माईल्स’ हे ॲप मुलाकडून आधीच फोनमध्ये टाकून घ्या. मोपाहून म्हापसा, पणजी, मडगावकडे कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, वातानुकूलित बसही आहेत. स्टेशनबाहेर भाडं ठरवल्याशिवाय बसू नका. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली म्हणजे ‘पायलट’. तरुण माणसाला त्या उत्तम, पण बॅगा घेऊन आजी-आजोबांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. घर दिवाडी किंवा चोडण बेटावर असेल तर फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता ते विचारून मगच गाडी निवडा.

६. वाढदिवसाआधीचे दोन दिवस

पहिला दिवस झोप आणि आंघोळीचा. हवा दमट असते, घाम जास्त येतो, पाणी आणि मीठ-साखर-लिंबू चालू ठेवा. रक्तदाबाच्या गोळीची वेळ प्रवासात चुकली असेल तर दुप्पट गोळी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

झोपायची व्यवस्था आधीच बोलून घ्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबांना म्हणून नातवंडाची खोली रिकामी केली जाते आणि ऐन वाढदिवसाच्या आठवड्यात ते मूल दप्तर-चार्जर घेऊन हॉलमध्ये येतं. त्यापेक्षा आजी नातीच्या खोलीत आणि आजोबा हॉलच्या दिवाणावर, असं काही करा. त्याच्या टेबलावरचं काही आवरू नका. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. तिसरा मजला झेपत नसेल तर जवळच्या देवस्थानच्या अग्रशाळेत (भक्तनिवासात) किंवा लॉजमध्ये रात्रीपुरती खोली घेण्यात कमीपणा नाही.

गरज पडली तर रुग्णवाहिकेसाठी १०८. सरकारी मोठी रुग्णालयं म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा रुग्णालय. घरापासून कोणतं जवळ ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

७. वाढदिवसाचा दिवस

औक्षण सकाळी करा, शाळेला निघण्याआधी, फक्त घरच्यांसमोर. संध्याकाळी मित्रांच्या घोळक्यात पाटावर बसवून टोपी घालून ओवाळलं की पंधरा वर्षांचं मूल अवघडतं आणि त्याचे फोटो लगेच ग्रुपवर फिरतात. तेच सकाळी सहा-साडेसहाला, आंघोळ झाल्या झाल्या, ते मूल आनंदाने बसतं. दहा मिनिटं पुरतात. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. फुलवाती तुपात भिजवून डबीत भरून आणण्याची अनेक आजींना सवय असते. गोव्याच्या उकाड्यात ते तूप वितळतं आणि डबी उलटून पिशवीतल्या साडीला डाग पडतात. कोरड्या फुलवाती आणा, तूप इथे घाला आणि पाच मिनिटं भिजू द्या. ओवाळताना पंखा बंद करायला विसरू नका.

मध्यरात्री बारालाही बहुधा केक कापला जातो, हा मुलांचा ठरलेला रिवाज आहे. जागायचं असेल तर संध्याकाळी दोन तास झोपून घ्या. नसेल तर तसं आधीच सांगा, कुणी रागावत नाही.

केकचं काम आजोबांकडे आलं तर हे सांभाळा:

- ऑर्डर दोन दिवस आधी द्या. एक किलोत आठ-दहा जणांचं होतं. दहा-बारा मुलं आणि घरचे मिळून दोन किलो घ्या.
- अंड्याचा की बिनअंड्याचा ते पावतीवर लिहून घ्या. घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर सगळाच बिनअंड्याचा सांगा.
- नाव मराठीत हवं असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. तोंडी सांगितलं की जोडाक्षर चुकतं.
- ताज्या क्रीमचा केक दमट हवेत अर्ध्या तासात घाम सोडतो आणि फुलं घसरतात. आणायला जाताना गाडीचा एसी दहा मिनिटं आधी चालू करा. खोका मांडीवर धरू नका, सीटपुढे पायाशी सपाट ठेवा. मांडीवर तो वळणागणिक कलतो. घरी आला की थेट फ्रीजमध्ये, आणि त्यासाठी फ्रीजचा एक खण सकाळीच रिकामा करून ठेवा.

जेवणात एक पदार्थ आजीचा असू द्या, पण एकच. बाकीचं मुलं बाहेरून मागवणार आहेत. शेजाऱ्यांना बोलावणार असाल तर बेबिंका किंवा दोदोल असा गोव्याचा गोड पदार्थ बेकरीतून आणता येतो, इथे तो सगळ्यांना आवडतो.

मित्रांची पार्टी सुरू झाली की सुरुवातीला अर्धा तास बसा, सगळ्यांची नावं विचारा, केक कापेपर्यंत थांबा आणि मग आतल्या खोलीत जा. बसण्यासाठी सरळ पाठीची खुर्ची आधीच मागून घ्या, बीन बॅगमधून उठणं कठीण. उघड्यावर मोठ्याने गाणी रात्री दहानंतर लावता येत नाहीत, ही सूचना मात्र आजोबांनी दिली तर चालते. दारू पिण्याचं कायदेशीर वय गोव्यात २१ आहे. ‘गोवा आहे, चालतं’ असं म्हणणाऱ्या कुणाही मोठ्या माणसाला तिथल्या तिथे थांबवा.

८. भेटवस्तू

कपडे घ्यायचे तर माप आणि रंग विचारून, पावती ठेवून. पाकिटातले रोख पैसे या वयात सगळ्यांत जास्त आवडतात. त्यासोबत हाताने लिहिलेलं पत्र द्या: नातवंडाच्या वडिलांचं किंवा आईचं त्याच वयातलं वागणं, आवडीनिवडी, शाळेतले प्रताप. ते त्याला दुसऱ्या कुणाकडूनही कळणार नाहीत.

स्कूटर देऊ नका. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या दुचाकीचा, आणि दुकानातल्या नेहमीच्या स्कूटर त्याहून मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर मालक म्हणून तेच अडकतात.

पैसे गुंतवून द्यायचे तर लक्षात घ्या, आई-वडील हयात असताना आजी-आजोबांना नातवंडाचं पीपीएफ खातं उघडता येत नाही. ते आई किंवा वडिलांनी उघडावं, रक्कम तुम्ही त्यांच्याकडे द्या. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं, म्हणजे या वयाला तो मार्ग बंद झालेला असतो.

९. देवदर्शन आणि समुद्र

मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी ही देवळं फोंडा तालुक्यात एकमेकांपासून जवळ आहेत, अर्ध्या दिवसात निवांत होतात. कुळदेव यांपैकी असेल तर अभिषेकासाठी देवस्थानच्या कार्यालयात आदल्या दिवशी नोंद करा. अंगभर कपडे हवेत, नातवंडालाही आधी सांगा, नाहीतर अर्ध्या चड्डीत दारापर्यंत जाऊन परत फिरावं लागतं. वाढदिवसाच्या दिवशीच हे सगळं कोंबू नका, दुसऱ्या दिवशी जा.

समुद्रावर जायचं तर सूर्यास्ताआधी तासभर. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला पट्टा पोहण्यासाठी असतो आणि तिथे जीवरक्षक लक्ष ठेवून असतात. जून ते सप्टेंबर पाण्यापासून लांबच राहा. वाळूत चालणं गुडघ्यांना जमत नसेल तर पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून मांडवीतली तासाभराची बोटीची फेरी बरी, बसून नदी पाहता येते. बोटीत चढताना फळीवर नातवंडाचा हात धरा.

१०. परत जाताना

वाढदिवसानंतर एक पूर्ण दिवस तरी थांबा. पार्टी आटोपल्यावर, मित्र गेल्यावर, नातवंड बोलायला मोकळं होतं तो हाच दिवस. परतीची गाडी थिवी किंवा करमळीहून असेल तर अर्धा तास आधी पोचा, फलाटावर डबा कुठे येतो ते विचारून तिथेच बसा.

काजू पाकीटबंद घ्या, बिल ठेवा. फेणी किंवा कुठलीही दारू परमिटशिवाय नेऊ नका. महाराष्ट्राच्या हद्दीवर आणि रेल्वेत तपासणी होते. औषधांची डबी, चष्मा, कवळी आणि चार्जर या चार गोष्टी पाहुण्यांच्या हमखास मागे राहतात. रिक्षा दारात येण्याआधी नातवंडाला त्या चार नावांनिशी खोली बघायला पाठवा.